प्राणवायूची मात्रा

मराठीने ऑक्सिजनसाठी प्राणवायू हा शब्द स्वीकारला तेव्हा तो शब्द रिकामा नव्हता. योगशास्त्रात आणि आयुर्वेदात प्राण, अपान, व्यान, उदान आणि समान या पाच वायूंपैकी पहिल्याचे ते नाव होते, आणि जीव धरून ठेवणारे तत्त्व हा त्याचा अर्थ लोकांच्या मनात खोल रुजलेला होता. रसायनशास्त्रातल्या एका वायूला ते नाव मिळाले आणि नावाबरोबर अर्थाचे ओझेही त्याच्याकडे आले. ‘ऑक्सिजन लावला आहे’ एवढे शब्द कानांवर पडले की मराठी घरात आवाज खाली येतात आणि परगावच्या नातेवाइकांना फोन जाऊ लागतात, कारण श्वास अपुरा पडू लागल्यावर, बहुधा अखेरच्या टप्प्यावर द्यायची वस्तू हीच ऑक्सिजनची घरोघरची ओळख आहे. पुण्यात कोविडच्या साथीच्या २०२० आणि २०२१ या दोन वर्षांनी ती ओळख आणखी पक्की केली. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय मात्र या ओळखीच्या बाहेरचा आहे. ज्याचा श्वास उत्तम चालला आहे आणि ज्याच्या रक्तात ऑक्सिजनची कसलीही उणीव नाही, अशा माणसाला केवळ वेदना थांबवण्यासाठी ठरावीक मात्रेत आणि ठरावीक वेळ दिला जाणारा ऑक्सिजन, आणि त्या उपचाराने ज्याचे झटके थांबवता येतात तो क्लस्टर डोकेदुखी हा विकार, यांचा येथे विचार करावयाचा आहे.

क्लस्टर म्हणजे घोस किंवा झुबका. या विकाराचे झटके सुटे सुटे न येता घोसाने येतात, म्हणून हे नाव. काही आठवडे किंवा दोन-तीन महिने रोज झटके येतात आणि मग विकार जणू नव्हताच अशा रीतीने कित्येक महिने, कधी काही वर्षे, नाहीसा होतो. या काळाला हंगाम म्हटले तर अर्थ नेमका पोचतो. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार प्रत्येक झटका, उपचार न केल्यास, १५ मिनिटांपासून १८० मिनिटांपर्यंत टिकतो, आणि एका दिवसाआड एक इथपासून दिवसाला आठ इथपर्यंत झटक्यांची संख्या असू शकते. वेदना एकाच बाजूला, डोळ्यात, डोळ्यामागे, भुवईवर किंवा कानशिलात उठते, आणि त्याच बाजूचा डोळा लाल होतो, त्यातून पाणी वाहू लागते, पापणी सुजते किंवा खाली झुकते, नाकपुडी चोंदते किंवा गळू लागते, कपाळावर घाम येतो. रुग्णांपैकी दहातील आठ ते नऊ जणांना असे हंगाम आणि मधली मोकळी वर्षे मिळतात. उरलेल्यांना वर्षभरात तीन महिन्यांचीही सलग सुटका मिळत नाही, आणि त्यांच्या विकाराला जुनाट प्रकारचा म्हणतात.

मराठीत एका बाजूच्या डोकेदुखीला अर्धशिशी हा उत्तम शब्द आहे, परंतु येथे तोच शब्द वाट चुकवतो. अर्धशिशीचा रुग्ण अंधाऱ्या खोलीत दार लोटून, हालचाल टाळून पडून राहतो, कारण हालचालीने त्याचे दुखणे वाढते. क्लस्टरचा रुग्ण पडूच शकत नाही. तो येरझाऱ्या घालतो, पुढेमागे डोलतो, डोळ्यावर मूठ दाबून धरतो, भिंतीवर डोके आपटतो. शांत पडून राहणे आणि अस्वस्थपणे फिरणे हा फरक तपासणीच्या खोलीत सहसा दिसत नाही, कारण तिथे रुग्ण पोचतो तेव्हा झटका ओसरलेला असतो. म्हणून तो विचारूनच कळतो, आणि विचारणे हेच या विकाराचे खरे निदान आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोगांची गणना आहे आणि त्यांत अर्धावभेदक, सूर्यावर्त, अनंतवात, शंखक अशी एकेक लक्षण हेरणारी नावे आहेत. सूर्याबरोबर चढणारे आणि उतरणारे दुखणे त्या वैद्यांच्या नजरेतून सुटले नव्हते, ही आदराने नोंदण्याची गोष्ट आहे, मात्र त्यांपैकी कोणत्याही नावाशी आजच्या क्लस्टरची सांगड घालण्याचा मोह टाळला पाहिजे.

आधुनिक वैद्यकातही हे दुखणे वेगळे ओळखले जाण्यास वेळ लागला. लंडनच्या विल्फ्रेड हॅरिस यांनी १९२६ मध्ये त्याचे वर्णन केले, अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या बेयार्ड हॉर्टन यांनी १९३९ मध्ये ते पुन्हा मांडले, आणि क्लस्टर ही घोसाची कल्पना १९५२ मध्ये कंकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखनातून आली. जवळजवळ दोन शतके माहीत असलेला वायू आणि त्याहून किती तरी जुने दुखणे यांची गाठ विसाव्या शतकाच्या मध्यावर पडली.

रुग्णाची स्वतःची वाट यापेक्षाही लांबची असते. नाक चोंदते म्हणून त्याला सायनस असल्याचे सांगितले जाते. दुखणे वरच्या जबड्यात उतरते म्हणून दाढ काढली जाते, आणि हंगाम संपेपर्यंत दुसरीही काढली जाते. डोळा लाल म्हणून चष्म्याचा नंबर तपासला जातो. हंगाम आपोआप संपतो तेव्हा जो उपचार त्या आठवड्यात चालू असेल त्याला यश मिळाल्यासारखे वाटते, आणि पुढच्या वर्षी तोच उपचार फसतो. निदानाला वर्षे लागतात ही तक्रार देशोदेशीच्या अभ्यासांतून पुढे आलेली आहे. या दुखण्याच्या वेदनेत आयुष्य नकोसे होण्याचे विचार अनेक रुग्णांच्या मनात येऊन जातात, हेही संशोधनांनी नोंदवले आहे, त्यामुळे निदानाच्या विलंबाला केवळ गैरसोय म्हणून सोडून देता येत नाही.

दर हजार माणसांमागे साधारण एकाला आयुष्यात कधी तरी हा विकार होतो, असा अंदाज मुख्यतः पाश्चात्त्य पाहण्यांवरून बांधला गेला आहे. २०११ च्या जनगणनेत पुणे महानगरपालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर होती. तोच अंदाज येथे लावला तर त्या वेळच्या शहरातच असे तीन हजारांहून अधिक लोक निघतात. ही शिरगणती नसून निव्वळ गणित आहे, पण दुर्मीळ म्हणून बाजूला ठेवलेला विकार एखाद्या पेठेत, एखाद्या मोठ्या सोसायटीतही असू शकतो, हे त्यावरून ध्यानात यावे. पुरुषांत त्याचे प्रमाण स्त्रियांपेक्षा अधिक आहे, परंतु पूर्वी मानले जात होते तेवढे नाही. स्त्रियांचे निदान अर्धशिशीच्या नावाखाली झाकले जात होते, हे त्यामागचे एक कारण असावे.

या विकाराची सर्वांत विलक्षण बाब म्हणजे त्याचे घड्याळ. अनेक रुग्णांना झोप लागल्यावर तास-दोन तासांनी, रोज जवळजवळ त्याच वेळी, झटका जागे करतो, आणि काहींचे हंगाम दरवर्षी त्याच ऋतूत येतात. मेंदूच्या तळाशी असलेला आणि झोप, भूक, तापमान व दिवसरात्रीचे चक्र सांभाळणारा हायपोथॅलॅमस हा लहानसा भाग या विकारात सामील असावा, ही शंका या घड्याळामुळेच आली होती. १९९८ मध्ये आर्ने मे, पीटर गोड्सबी आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या पेट स्कॅनमधून झटक्याच्या वेळी त्या भागातली वाढलेली क्रिया दाखवली आणि शंकेला आधार मिळाला. दिवस लांबण्या-आखडण्याशी हंगामांचा संबंध जोडला जातो तो उत्तरेकडच्या देशांतील निरीक्षणांवरून. पुण्याच्या अक्षांशावर सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि सर्वांत मोठा १३ तासांहून थोडा अधिक, एवढाच फरक असतो, आणि म्हणून येथील रुग्णांच्या हंगामांची तारीखवार नोंद ठेवली गेली तर ती जगाच्याही उपयोगी पडेल.

झटका सुरू होतो तेव्हा दोन यंत्रणा एकत्र काम करतात. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारा, तीन शाखा असलेला ट्रायजेमिनल मज्जातंतू वेदना वाहून नेतो, आणि अश्रू व नाकातील स्राव नियंत्रित करणारे, इच्छेच्या ताब्यात नसलेले मज्जातंतू त्याच वेळी चेतवले जातात. डोळ्यातले पाणी आणि चोंदलेली नाकपुडी ही सर्दीची नसून या चेतवण्याची लक्षणे असतात. शुद्ध ऑक्सिजनने मेंदूतील रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून वेदना थांबते, असे स्पष्टीकरण दीर्घकाळ दिले जात होते. २००९ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांत मात्र ऑक्सिजनने वेदनेच्या तंतूंना थेट न आवरता, अश्रूंच्या बाजूच्या त्या दुसऱ्या तंतूंतून येणारी चेतना शमवली असे दिसून आले. माणसात नेमके काय घडते याचा उलगडा पूर्ण झालेला नाही. उपचार कामी येतो हे मात्र त्याची वाट न पाहता सिद्ध झाले.

हॉर्टन यांनी मेयो क्लिनिकमध्ये या रुग्णांना ऑक्सिजन देऊन पाहिला होता, पण त्याची पद्धतशीर नोंद ली कुड्रो यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी ५२ रुग्णांना मिनिटाला ७ लिटर या प्रवाहाने १५ मिनिटे ऑक्सिजन दिला आणि त्यांतील ७५ टक्क्यांना चांगला आराम पडला. १९८५ मध्ये फोगन यांनी १९ पुरुषांवर, कोणत्या वेळी ऑक्सिजन आणि कोणत्या वेळी साधी हवा दिली जाते हे रुग्णाला वा वैद्याला कळू न देता, तुलना केली. निर्णायक चाचणी मात्र लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील राष्ट्रीय मज्जाविकार रुग्णालयात ॲना कोहेन, ब्रायन बर्न्स आणि गोड्सबी यांनी केली आणि ती २००९ च्या डिसेंबरात अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आली. तिची रचना समजून घेण्याजोगी आहे. नोंदवलेल्या १०९ रुग्णांना घरी दोन प्रकारचे सिलिंडर देण्यात आले, एकात शुद्ध ऑक्सिजन आणि दुसऱ्यात साधी दाबलेली हवा, आणि चार झटक्यांना ते आळीपाळीने वापरायचे ठरले. मास्क तोच, मिनिटाला १२ लिटरचा प्रवाह तोच, १५ मिनिटांची वेळ तीच. विश्लेषणापर्यंत ७६ रुग्ण पोचले. ऑक्सिजन घेतलेल्या झटक्यांपैकी ७८ टक्के झटक्यांत १५ मिनिटांनंतर वेदना थांबली किंवा पुरेसा आराम पडला. हवेने हे प्रमाण २० टक्के होते. थंड वायूचा झोत, मास्क चढवण्याचा धीर, काही तरी उपचार चालू आहे ही भावना, या सर्वांचा वाटा त्या २० टक्क्यांत मोजला गेला, आणि उरलेले श्रेय निर्विवादपणे ऑक्सिजनचे ठरले. एवढ्या साध्या पदार्थाची एवढी स्वच्छ परीक्षा क्वचितच झालेली आहे.

या चाचणीतील १२ हा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि व्यवहारात तोच हरवतो. विश्रांतीत असलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. वेदनेने येरझाऱ्या घालणारा माणूस त्याहून बरीच अधिक घेतो. त्याला नाकात घालायच्या नळीतून मिनिटाला चार लिटर ऑक्सिजन दिला तर उरलेली भरपाई खोलीतल्या हवेने होते, आणि त्या हवेत ऑक्सिजन केवळ २१ टक्के असतो. परिणामी फुप्फुसात पोचणारे मिश्रण ४० टक्क्यांच्याही खालीच राहते. साध्या मास्कने ते थोडे वाढते. वेदना थांबवायला लागणारे प्रमाण १०० टक्क्यांच्या जवळ न्यायचे तर खाली पिशवी असलेला आणि सोडलेला श्वास परत आत न घेऊ देणारा नॉन-रिब्रीदर मास्क चेहऱ्याला नीट बसवून, मिनिटाला किमान १२ आणि गरजेनुसार १५ लिटरचा प्रवाह द्यावा लागतो. पिशवी प्रत्येक श्वासाला पूर्ण रिकामी होत असेल तर प्रवाह कमी पडतो आहे असे समजावे. ‘ऑक्सिजन देऊन पाहिला, उपयोग झाला नाही’ हे वाक्य अनेक रुग्णांच्या तोंडी असते, आणि चौकशी केली तर दोन किंवा चार लिटर आणि नाकातली नळी असे उत्तर मिळते. तापाच्या गोळीचा एक चतुर्थांश तुकडा देऊन ताप उतरला नाही म्हणण्यासारखेच ते आहे. ऑक्सिजन हे औषध आहे आणि औषधाला मात्रा असते, ही गोष्ट प्राणवायू या शब्दाच्या वलयात झाकली गेली आहे.

साथीच्या काळात घरोघरी आलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर या कारणाने येथे अपुरे पडतात. हे यंत्र खोलीतली हवा दाबून झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या कणांमधून नेते. कण नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झिओलाइटवर दीर्घकाळ संशोधन झाले असल्याने पुणेकरांना हे नाव अपरिचित असू नये. घरगुती यंत्र साधारणतः मिनिटाला ५ लिटर, मोठे यंत्र १० लिटर वायू देते, आणि त्याची शुद्धता ९० ते ९५ टक्के असते. ज्याला दिवसभर थोडा थोडा ऑक्सिजन हवा त्या फुप्फुसाच्या रुग्णासाठी ते वरदान आहे. ज्याला १५ मिनिटे भरपूर हवा त्या क्लस्टरच्या रुग्णाला सिलिंडरच लागतो.

सिलिंडरचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला १२ लिटर प्रमाणे १५ मिनिटांच्या एका झटक्याला १८० लिटर ऑक्सिजन लागतो. बी टाइप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान सिलिंडरमध्ये सुमारे दीड घनमीटर, म्हणजे १,५०० लिटर वायू असतो, आणि तो आठ झटक्यांना पुरतो. जंबो म्हटल्या जाणाऱ्या डी टाइप सिलिंडरमध्ये सात घनमीटर असतो आणि तो ३८ झटक्यांना पुरतो. राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने सप्टेंबर २०२० मध्ये सिलिंडरमधील वैद्यकीय ऑक्सिजनची, भरणा केंद्रावरील आणि कर वगळून, कमाल किंमत घनमीटरला २५ रुपये ७१ पैसे ठरवली होती. त्या दराने एका झटक्याला लागणाऱ्या वायूचे मोल पाच रुपयांहूनही कमी होते. रुग्णाला पडणारा खर्च अर्थातच याहून बराच अधिक असतो, कारण त्यात सिलिंडरची अनामत, भाडे, वाहतूक, फ्लोमीटर आणि मास्क येतात. पण जो पदार्थ ही वेदना थांबवतो तो स्वतः महाग नाही, हे या आकड्यावरून स्पष्ट व्हावे.

पुण्यात या पदार्थाची टंचाईही नाही. चाकण परिसरात हवा अतिथंड व द्रवरूप करून तिच्यातून ऑक्सिजन वेगळा काढणारे मोठे प्रकल्प आहेत. साथीत राज्य शासनाने सप्टेंबर २०२० मध्ये उत्पादनाचा ८० टक्के वाटा रुग्णालयांसाठी राखून ठेवला, तेव्हा या प्रकल्पांची नावे वर्तमानपत्रांत आली. त्याआधीच्या महिन्यात शिवाजीनगरला अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर जंबो रुग्णालय उभे राहिले होते, आणि सॅच्युरेशन, फ्लो, लिटर हे शब्द रिक्षाच्या रांगेतही ऐकू येऊ लागले होते. शहराने त्या काळात ऑक्सिजनविषयी जे शिक्षण घेतले ते फार मोठी किंमत मोजून घेतले, आणि त्यातला मुख्य धडा असा होता की बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा खाली गेला तरच ऑक्सिजन द्यायचा. टंचाईच्या दिवसांत तो धडा योग्यच होता. तोच धडा आज क्लस्टरच्या रुग्णाच्या आड येतो. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत आलेल्या, डोळा धरून फिरणाऱ्या माणसाच्या बोटावर ९८ किंवा ९९ आकडा दिसतो, आणि मग त्याला ऑक्सिजनची गरज नाही असा निष्कर्ष निघतो. या विकारात तो आकडा मुळात विचारायचाच नसतो.

हा गोंधळ केवळ येथलाच आहे असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेतील ज्येष्ठ नागरिकांच्या सरकारी विमा योजनेने घरगुती ऑक्सिजनचा खर्च रक्तातील ऑक्सिजनच्या पातळीशी बांधून ठेवला होता आणि क्लस्टरसाठी तो देण्याचे २०२१ पर्यंत नाकारले होते, जरी तिथल्याच डोकेदुखी संस्थेने २०१६ मध्ये या उपचाराला पुराव्याची सर्वोच्च श्रेणी दिली होती. ब्रिटनने मात्र २०१२ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत मिनिटाला किमान १२ लिटर प्रवाह, पिशवीचा मास्क आणि घरी सिलिंडर पोचवण्याची व्यवस्था या तिन्ही गोष्टी स्पष्ट शब्दांत लिहून ठेवल्या. घर हा त्यातला शब्द विशेष महत्त्वाचा आहे. झटका सुरू झाल्यावर घरच्यांना उठवून, गाडी काढून, धायरीहून किंवा वाघोलीहून रुग्णालय गाठून, केसपेपर काढून मास्क तोंडावर येईपर्यंत त्या झटक्याचा मोठा भाग भोगून झालेला असतो. आणि ऑक्सिजन आरंभीच घेतला तर तो अधिक गुणकारी ठरतो. भारतातील आरोग्य विमा बहुतांशी रुग्णालयातील भरतीशी जोडलेला असल्याने घरातल्या सिलिंडरला त्यात सहसा जागा नसते, आणि विमा कंपन्यांनी व शासकीय योजनांनी ही जागा करून द्यावी ही मागणी पूर्णपणे रास्त आहे.

इतर औषधांचा उल्लेख थोडक्यात पुरेसा आहे. कातडीखाली टोचायचे ६ मिलिग्रॅम सुमाट्रिप्टान हे झटका थांबवणारे दुसरे प्रभावी औषध आहे, परंतु ते दिवसातून दोनदाच घेता येते आणि हृदयविकार असलेल्यांना देता येत नाही. ऑक्सिजनला ही दोन्ही बंधने नाहीत. हंगामभर झटके येऊच नयेत म्हणून व्हेरापामिल दिले जाते व त्यासाठी वेळोवेळी ईसीजी काढावा लागतो. त्याचा परिणाम सुरू होईपर्यंत स्टेरॉइडचा थोड्या दिवसांचा आधार किंवा मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूला मज्जातंतूजवळ दिलेले इंजेक्शन कामी येते. ऑक्सिजन चालू झटका थांबवतो, पुढचा झटका रोखत नाही, हा भेद रुग्णाला आरंभीच सांगितला पाहिजे. तसेच दीर्घकाळच्या दम्यासारख्या फुप्फुसविकारात, ज्यात रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, इतका ऑक्सिजन डॉक्टरांच्या सल्ल्याखेरीज घेणे घातक ठरू शकते.

घरात सिलिंडर आणायचा तर त्याची शिस्तही घरात यावी लागते. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्या वस्तूला तो भडकवतो. म्हणून देवघरातील समई, उदबत्ती, स्वयंपाकघरातला गॅस आणि विशेषतः सिगारेट यांच्यापासून तो दूर असला पाहिजे. क्लस्टरच्या रुग्णांत धूम्रपान करणारे पुष्कळ असतात, त्यामुळे ही सूचना औपचारिक समजू नये. डोक्याला खोबरेल तेल चोळलेला हात तसाच सिलिंडरच्या चावीला लावणे धोक्याचे आहे, कारण दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल-तूप पेट घेऊ शकते. सिलिंडर उभा, साखळीने किंवा पट्ट्याने बांधलेला असावा. आणि त्याच्याबरोबर आणखी एक काम घरच्यांना करावे लागते: काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या खांद्याचा तो सिलिंडर जिन्यावरून वर जाताना शेजाऱ्यांच्या चेहऱ्यावर जो प्रश्न उमटतो, त्याला हा श्वासाचा नव्हे, डोकेदुखीचा उपचार आहे असे उत्तर देण्याचे.

पुण्यातील सर्जिकलच्या दुकानांत सिलिंडर, फ्लोमीटर आणि मास्क भाड्याने वा विकत मिळतात. अडते ते बहुधा डॉक्टरांच्या चिठ्ठीपाशी. केवळ ‘ऑक्सिजन, गरजेनुसार’ असे लिहिलेल्या चिठ्ठीवर दुकानदार नाकातली नळी आणि दोन लिटरवर लावलेला फ्लोमीटर देतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते. त्या चिठ्ठीवर विकाराचे नाव, शुद्ध वैद्यकीय ऑक्सिजन, सिलिंडरमधूनच, मिनिटाला १५ लिटरपर्यंत जाणारा फ्लोमीटर, पिशवी असलेला नॉन-रिब्रीदर मास्क, प्रवाह १२ ते १५ लिटर, झटका सुरू होताच ताठ बसून १५ मिनिटे, आणि ऑक्सिमीटरवरील आकडा कितीही असला तरी, एवढा मजकूर आला की तीच चिठ्ठी रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतील परिचारिकेलाही दाखवता येते.